दिसलं ते सांगणारी माणसं

“एवढं वाईट वाटतंय तर जा की देश सोडून!” देशाबद्दल काही बरंवाईट बोलणाऱ्या माणसाला हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतंच. ते कुठल्या एका देशाच्या मालकीचं नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेत ‘प्रेम करा, नाहीतर चालते व्हा’ अशा अर्थाच्या पट्ट्या लोक गाड्यांच्या मागे चिकटवत. १९७० च्या आसपास ब्राझीलच्या लष्करी राजवटीनेही तीच घोषणा आपल्या भाषेत फिरवली. म्हणजे देशप्रेमाच्या घोषणाही जगभर सारख्याच. गंमत पुढेच आहे. जो खरोखर सोडून जातो, त्याला ‘तिकडे बसून बोलायला काय जातं’ असं सुनावलं जातं. आतल्याने बोलायचं नाही, कारण तो इथलं खातो. बाहेरच्याने बोलायचं नाही, कारण तो इथलं खात नाही. मग बोलायचं तरी कोणी?

माझा एक जुना मित्र आहे. आरडाओरडा करणाऱ्यांतला नाही. कर चुकवत नाही, रांग मोडत नाही, राष्ट्रगीत लागलं की त्याच्या डोळ्यांत पाणी येतं आणि ते खरं असतं. त्याचा माझ्यापुढचा प्रश्न कित्येक वर्षं एकच आहे: “तुम्हा लोकांना आपल्याच देशातलं वाईट तेवढं कसं रे दिसतं?” या ‘तुम्हा लोकांना’मध्ये तो मला ज्यांच्या पंगतीत बसवतो, ती माणसं माझ्याहून फार मोठी आहेत. तरी प्रश्न प्रामाणिक आहे आणि मला त्याचं नीट उत्तर द्यायचंय.

गोपाळ गणेश आगरकरांपासून सुरुवात करतो. १८८२ मध्ये आगरकर आणि टिळक दोघं डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतो आहे अशा मजकुरावरून कारभारी बर्वे यांनी बदनामीचा खटला भरला होता. सुटले तेव्हा त्यांचं जंगी स्वागत झालं. अन्यायाविरुद्ध लिहिणारा संपादक म्हणून लोकांनी डोक्यावर घेतलं. पुढे १८८८ मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ काढला आणि तीच लेखणी घरात वळवली: बालविवाह, विधवांचं केशवपन, सोवळंओवळं, शास्त्राच्या नावाखाली चालणारा निर्दयपणा. तेव्हा त्याच पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. माणूस तोच, लेखणी तीच, तिची धारही तीच. फक्त लेखणीचं टोक ज्यांच्याकडे होतं, ती माणसं बदलली होती. सत्तेवरची टीका ऐकताना आपण प्रेक्षक असतो, पण समाजावरची टीका ऐकताना आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभं राहावं लागतं. त्यामुळे देशावर टीका करणाऱ्याबद्दलचा राग पुष्कळदा देशासाठी नसतोच, तो स्वतःसाठी असतो. आगरकर ३८ व्या वर्षी गेले. मोठ्या पगाराची नोकरी न धरता शिक्षकी पत्करणाऱ्या या माणसाला आपल्या लोकांबद्दल तिरस्कार होता, असं म्हणणारा आज सापडणार नाही. त्या वेळी मात्र पुष्कळ होते.

आता माझं उत्तर. तीनशे वर्षांपूर्वी कोणी एक किल्ला जिंकला, त्याचा मला अभिमान वाटतो. मी तिथे नव्हतो. तटावर चढलो नाही, रक्त सांडलं नाही. तरी छाती फुगते आणि त्यात काही गैर आहे असं मला वाटत नाही. माणूस आपल्याहून मोठ्या गोष्टीशी असा जोडला जातो, म्हणून तर समाज उभा राहतो. पण ज्या वाटेने हा न कमावलेला अभिमान माझ्यापर्यंत येतो, त्याच वाटेने न केलेल्या कृत्याची शरमही येणार. वाट उघडी ठेवायची तर दोघांना ठेवावी लागेल. किल्ला ‘आपण’ जिंकला आणि माणसांना पाणवठ्यावरून हाकललं ते मात्र ‘त्या काळच्या लोकांनी’, हा हिशेब मला जमत नाही. परक्या देशातल्या अत्याचाराची बातमी वाचून मला दुःख होतं, संताप येतो. शरम वाटत नाही. शरम फक्त आपल्या माणसांची वाटते. आम्हाला वाईट तेवढं दिसतं असं माझ्या मित्राला जे वाटतं, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा ही शरम असते, आणि ती नातं तोडलेल्या माणसाला होत नाही.

अर्थात सगळ्यांचं नातं सारख्या जागेवरून सुरू होत नाही. फ्रेडरिक डग्लस हा गुलामगिरीतून पळून सुटलेला माणूस. ५ जुलै १८५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये त्याला अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनानिमित्त भाषणाला बोलावलं होतं. त्याने आधी स्वातंत्र्ययुद्धातल्या पूर्वजांची मनापासून स्तुती केली आणि मग विचारलं, तुमचा हा ४ जुलै गुलामाच्या कोण कामाचा? त्या सभेत तुमचा आनंद आणि माझा शोक अशी सरळ रेघ त्याने ओढली. पण भाषणाच्या शेवटाकडे येताना याच डग्लसने त्या देशाचं संविधान म्हणजे स्वातंत्र्याचा उज्ज्वल दस्तऐवज आहे असंही ठासून सांगितलं. देशाने दिलेलं वचन त्याने देशापेक्षा जास्त गंभीरपणे घेतलं होतं. आणि आपल्याकडे डॉ. आंबेडकर: २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात, स्वतः मसुदा तयार केलेलं संविधान स्वीकारलं जाण्याच्या आदल्या दिवशी ते सांगत होते की २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकतो आहोत, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक आयुष्यात विषमता. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातल्या भक्तीला अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा मार्ग म्हटलं. समारंभाला शोभेसं बोलायचं त्या दिवशी कोणाला सुचलं असतं, तर त्यांना सुचायला हरकत नव्हती. त्यांनी ते टाळलं. ज्यांच्या वाट्याला देश अर्धामुर्धाच आला, त्यांच्याकडून पूर्ण कृतज्ञतेची पावती मागणं मला तरी निलाजरेपणाचं वाटतं.

इथे मित्र हटकून म्हणतो, “बोला ना, पण घरात बोला. चव्हाट्यावर कशाला?”

हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, कारण तो माझ्याच कानांना लागू आहे. मी स्वतः ज्या गोष्टीवरून तासभर चिडचिड करतो, तीच एखाद्या परदेशी माणसाने अर्ध्या वाक्यात बोलून दाखवली की माझे कान तापतात. मुद्दा त्याचा बरोबर असला तर जास्तच तापतात. १९२७ मध्ये कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईंचं ‘मदर इंडिया’ आलं तेव्हा भारतभर अशीच कानशिलं तापली. गांधीजींनी त्याला गटार तपासनिसाचा अहवाल म्हटलं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच लेखात त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली होती, ती फारशी सांगितली जात नाही. हे पुस्तक अमेरिकन आणि इंग्रज वाचकांपुढे ठेवण्याच्या लायकीचं नाही, पण प्रत्येक भारतीयाने ते वाचलं तर थोडाफार फायदाच होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. तोच मजकूर एकाला विष आणि दुसऱ्याला औषध! मेयोबाईंचा हेतू भारतीय माणसं स्वराज्याला नालायक आहेत हे दाखवण्याचा होता आणि गांधींना तो स्वच्छ दिसत होता. पण अस्पृश्यता, अस्वच्छता, बालविवाह यांवर तेच गांधी आपल्या साप्ताहिकांतून वर्षानुवर्षं झोडत होते, आणि ती साप्ताहिकं काही कुलूप लावून छापली जात नव्हती. इंग्रज अधिकारीही ती वाचतच होते.

म्हणजे चव्हाटा टाळता येत नाही. जे घरातल्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलायचं, ते शेजारीही ऐकणार. त्यातून शेजाऱ्याने काही फायदा उचललाच, तर दोष सांगणाऱ्याचा की करणाऱ्याचा? इथे ‘देशाची बदनामी’ या आरोपाची एक मोठी करामत आहे. घाण कुठे आहे हा प्रश्न बाजूला पडतो आणि ती दाखवली कोणी, यावर चौकशी बसते.

ही करामत किती लांब जाते, त्याचं उदाहरण म्हणून मला द्रेफ्यूस प्रकरण नेहमी आठवतं. कादंबरीकार एमिल झोलाचं नाव त्यात सगळ्यांना ठाऊक असतं, पण माझा माणूस दुसरा आहे. १८९४ च्या डिसेंबरमध्ये आल्फ्रेड द्रेफ्यूस या फ्रेंच लष्करातल्या ज्यू अधिकाऱ्याला जर्मनीला गुपितं पुरवल्याबद्दल दोषी ठरवून डेव्हिल्स आयलंड या कैद्यांच्या बेटावर पाठवलं. १८९५ मध्ये गुप्तचर विभागाचा प्रमुख झालेल्या जॉर्ज पिकार या अधिकाऱ्याच्या हाती पुढच्या वर्षी असे कागद लागले की ज्यावरून खरा हेर एस्तरहाझी नावाचा वेगळाच अधिकारी असल्याचं दिसत होतं. पिकार काही ज्यूंचा कैवारी नव्हता. त्याच्या काळातल्या अनेक अधिकाऱ्यांसारखे ज्यूंबद्दलचे पूर्वग्रह त्याच्यातही होते. द्रेफ्यूसबद्दल त्याला ममत्व नव्हतं. तो कट्टर लष्करी माणूस होता, बंडखोर मुळीच नव्हता. त्याने फक्त पुरावा म्हणून पुढे केलेल्या चिठ्ठीचं अक्षर पाहिलं आणि ते द्रेफ्यूसचं नाही हे वरिष्ठांना सांगितलं. वरिष्ठांनी त्याला पॅरिसहून हलवून शेवटी ट्युनिशियात नेऊन टाकलं. त्याच्या जागी राहिलेल्या आंरी नावाच्या अधिकाऱ्याने द्रेफ्यूसविरुद्ध बनावट कागद तयार केला. का, तर लष्कराची अब्रू.

आता या अब्रूचं पुढे काय झालं ते पाहा. ११ जानेवारी १८९८ रोजी लष्करी न्यायालयाने एस्तरहाझीला निर्दोष सोडलं. शत्रूला माहिती विकणारा माणूस कचेरीबाहेर येतो आणि ‘लष्कर चिरायू होवो’ म्हणणारे लोक त्याचा जयजयकार करतात! देशद्रोही पकडण्याच्या आवेशात खरा देशद्रोही खांद्यावर घेतला गेला. झोलाचं जळजळीत खुलं पत्र त्यानंतर दोनच दिवसांनी छापून आलं. त्याच्यावर बदनामीचा खटला झाला, शिक्षा झाली, त्याला इंग्लंडला पळून जावं लागलं. पिकार तुरुंगात गेला. त्याच ऑगस्टमध्ये बनावट कागद उघडकीला आला आणि आंरीने आत्महत्या केली. द्रेफ्यूस पूर्ण निर्दोष ठरायला १९०६ उजाडलं. त्याच वर्षी पिकार युद्धमंत्री झाला.

पिकार मला झोलापेक्षा जवळचा वाटतो याचं कारण हेच की त्याचा हेतू तपासून काहीही हाती लागत नाही. टीका करणाऱ्याचं प्रेम किती खरं आहे, त्याला पैसे कोण देतं, तो तेव्हा कुठे होता, अमक्याबद्दल का बोलला नाही, असल्या चौकशीत आपण जन्म घालवतो. त्याने जे सांगितलं ते खरं आहे का, एवढंच विचारायचं राहून जातं. पिकारच्या मनात काय होतं ते असो. अक्षर एस्तरहाझीचंच होतं.

याच ठिकाणी देशभक्तीची हद्द मला दिसते. देश माझ्याकडून पुष्कळ काही मागू शकतो. कर, वेळ, श्रम, कधी गैरसोय, कठीण प्रसंगी त्याहून जास्त. पण मला जे दिसलं ते दिसलं नाही असं म्हण, हे देश मला सांगू शकत नाही. साक्ष ही माझी आहे, ती मी देशाला अर्पण करू शकत नाही. आणि केली तर देशाचाच घात होतो. हा घात कल्पनेतला नाही. १९५९ च्या जुलैमध्ये लुशान इथल्या बैठकीच्या वेळी चीनचे संरक्षणमंत्री पंग दहुआई यांनी माओला पत्र लिहिलं. स्वतः गरीब शेतकऱ्याच्या घरातले, कोरियाच्या युद्धात चिनी फौजांचं नेतृत्व केलेले, पक्षाशी एकनिष्ठ. ‘मोठ्या झेपे’च्या धोरणात धान्याचे आकडे फुगवले जात आहेत, गावांत हाल सुरू आहेत, अशा आशयाचं ते पत्र होतं, आणि भाषा अदबीची होती. माओने ते पत्र बैठकीतल्या सगळ्यांना वाटलं आणि पंग यांना पक्षविरोधी ठरवलं. पद गेलं. त्यानंतर खालचा कुठला अधिकारी खरं बोलणार होता? फुगवलेल्या आकड्यांच्या हिशेबाने गावांतून धान्य उचललं जात राहिलं आणि उपासमारीने कोट्यवधी माणसं मेली. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलं आहे की चालती लोकशाही आणि मोकळी वृत्तपत्रं असलेल्या देशात दुष्काळाने मोठ्या प्रमाणावर माणसं मरत नाहीत. ओरडायला कोणी मोकळं असलं की सरकारला हलावं लागतं. पंग यांचं नाव १९७८ मध्ये निष्कलंक ठरवण्यात आलं. ते त्याआधी चार वर्षं मरण पावले होते.

आता थोडं आमच्याही पंगतीबद्दल, कारण मित्राचं काही बाबतीत अगदी बरोबर आहे. देशावर तोंडसुख घेणारा प्रत्येक जण आगरकर नसतो. ‘या देशाचं काही होणार नाही’ असं म्हणत सुस्कारा टाकणारा एक वर्ग असतो. त्याला काही बदलावं असं वाटत नसतं, बदललं तर त्याची करमणूक बंद होईल. त्याच्या बोलण्यात तपशील कधी नसतो. कुठे, कोणी, केव्हा, काही नाही. पिकारकडे कागद होता, पंगकडे गावांतलं पाहणं होतं. या सुस्काऱ्यापाशी नुसती उंची असते, बाकीच्यांपेक्षा आपण वर आहोत याची.

दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. आपल्या देशाबाबत भिंग लावणारा माणूस दुसऱ्या देशाबाबत डोळे मिटून घेतो. सिडनी आणि बिअॅट्रिस वेब हे ब्रिटिश दाम्पत्य संशोधनात एक नंबरचं काटेकोर. ब्रिटनमधल्या गरिबीबद्दल, कामगार संघटनांबद्दल त्यांनी केलेलं काम आजही मानलं जातं. १९३५ मध्ये त्यांनी सोव्हिएत व्यवस्थेवर मोठा ग्रंथ लिहिला आणि नावात ‘नवी संस्कृती’ या शब्दांपुढे प्रश्नचिन्ह ठेवलं. युक्रेनमधल्या दुष्काळाला तेव्हा दोन-तीन वर्षंच झाली होती. १९३७ च्या आवृत्तीत प्रश्नचिन्ह काढून टाकलं. त्या वर्षी स्टालिनच्या कत्तली कळसाला पोचल्या होत्या! स्वदेशाची आंधळी भक्ती सोडून परदेशाची धरली, तर डोळे उघडले असं कसं म्हणायचं?

प्रेमाचा मुद्दा अजून राहिलाच. कायद्याने प्रेम मागता येतं का? आपल्याकडे तसा प्रयत्न झाला आहे. १८९७ च्या टिळकांच्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी अप्रीती म्हणजे सरकारबद्दल प्रीती नसणं, इतका सरळ अर्थ लावला होता. म्हणजे मनात माया नाही हाच गुन्हा. १९२२ मध्ये त्याच १२४-अ कलमाखाली उभ्या असलेल्या गांधींनी न्यायालयात सांगितलं की प्रेम कायद्याने निर्माणही करता येत नाही आणि त्याला वळणही लावता येत नाही. स्वतंत्र भारतात १९६२ च्या केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारवरची टीका म्हणजे राजद्रोह नव्हे, हिंसेला किंवा अव्यवस्थेला चिथावणी हवी, अशी मर्यादा घातली. मे २०२२ मध्ये न्यायालयाने ते कलम स्थगित ठेवलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातल्या १५२ व्या कलमात राजद्रोहच नव्या नावाने परतला का, यावर वाद चालू आहे. देशाला आई मानण्यातला गोडवा मलाही कळतो. पण आईला आपण निवडून देत नाही आणि ती कर वसूल करत नाही. देशाला आई म्हणता म्हणता नकळत सरकारलाच आई करून टाकलं, की रस्त्यातल्या खड्ड्याबद्दल बोलणंसुद्धा आईला शिवी दिल्यासारखं होऊन बसतं.

“निदान युद्ध चालू असताना तरी गप्प बसा,” हा मित्राचा शेवटचा मुद्दा. यातला अर्धा भाग मी बिनशर्त मान्य करतो. आपली जहाजं कुठे आहेत हे मी कोणालाही सांगणार नाही आणि सांगणाऱ्याला शिक्षा व्हावी असंच मला वाटतं. पण युद्धाची आडकाठी तेवढ्यावर थांबत नाही. १९४० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेतल्या मुलांना ध्वजवंदनाची सक्ती करता येते असं म्हटलं, कारण राष्ट्रीय ऐक्य. त्या निकालानंतर धर्मश्रद्धेमुळे वंदन न करणाऱ्या जेहोवाज विटनेस पंथाच्या लोकांवर ठिकठिकाणी जमावांचे हल्ले झाले. १४ जून १९४३ रोजी, महायुद्ध ऐन भरात असताना, त्याच न्यायालयाने आपला निकाल फिरवला. सक्तीने एकमत करायला गेलात तर शेवटी स्मशानातलं एकमत हाती लागतं, असं न्यायमूर्ती जॅक्सन यांनी त्यात लिहिलं. त्याच पंथाच्या केरळमधल्या मुलांच्या बाबतीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये तसाच निर्णय दिला. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहणारी पण न गाणारी मुलं कोणाचा अपमान करत नव्हती.

आणि रणांगणावरचाच दाखला हवा असेल तर १६ मार्च १९६८ चा घ्यावा. व्हिएतनाममधल्या माय लाय गावावरून हेलिकॉप्टर नेणाऱ्या ह्यू थॉम्पसन या अमेरिकन वैमानिकाला खाली आपलेच सैनिक निःशस्त्र बायकामुलांना मारताना दिसले. त्याने हेलिकॉप्टर सैनिक आणि गावकरी यांच्यामध्ये उतरवलं. सैनिकांनी गावकऱ्यांवर गोळी चालवली तर त्यांच्यावर गोळी चालवा, असं आपल्या दोन सहकाऱ्यांना बजावलं आणि काही जणांना तिथून हलवलं. तळावर परत आल्या आल्या त्याने वरिष्ठांना सांगितलं, आणि ती कारवाई थांबवण्याचा हुकूम निघाला. मायदेशी त्याला धमकीची पत्रं आली. त्याच्या दारात कोणी मेलेली जनावरं टाकली. या कृत्यासाठी ‘सोल्जर्स मेडल’ हे पदक मिळालं ते १९९८ मध्ये, तीस वर्षांनी. ‘आता युद्ध चालू आहे, संपलं की बोलू’ असं त्याने त्या दिवशी ठरवलं असतं, तर १९७५ च्या एप्रिलपर्यंत थांबावं लागलं असतं.